डिकोडर बदलण्यापूर्वी: एचओ इंजिनातील आवाजाच्या तक्रारी कशा तपासाव्यात

तुमच्या पत्रातून मला समजलेली हकिकत अशी आहे. सॉकेट नसलेल्या मॉडेल रेल्वेच्या एचओ या मापातील एका जुन्या अल्को (अमेरिकी कंपनी) डिझेल इंजिनात तुम्ही स्वतः तारा सोल्डर करून साउंड डिकोडर बसवला. आता टर्नआउटवरून (रूळ बदलण्याच्या सांध्यावरून) जाताना आवाज तुटतो आणि इंजिन ‘स्टार्ट’ होण्यापासून पुन्हा सगळे सुरू होते, आवाज पातळ आणि खरखरीत येतो, कमी वेगात इंजिन हिसके देते आणि प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (सेटिंग लिहिण्या-वाचण्याच्या वेगळ्या रुळावर) सीव्ही, म्हणजे डिकोडरमधील क्रमांकित सेटिंग, वाचले जात नाहीत. विक्रेता डिकोडर बदलून द्यायला तयार आहे, तेव्हा तो बदलून घ्यावा का, आणि भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचा आवाज हवा असल्यास कोणती ध्वनिफाइल निवडावी, असे तुम्ही विचारले आहे.

माझे मत असे की, बदलून घेण्याची घाई करू नये. साउंड डिकोडरकडे मुख्यतः चार कामे असतात: रुळांतून वीज आणि आज्ञा घेणे, मोटर चालवणे, दिवे लावणे आणि स्पीकर वाजवणे. डिकोडर जळतो तेव्हा यांपैकी एखादे काम बहुधा कायमचे बंद पडते. तुमच्याकडे सगळी कामे होत आहेत, पण ती अधूनमधून किंवा अर्धवट होत आहेत, आणि अशा तक्रारींचे मूळ माझ्या अनुभवात बहुतेक वेळा चाकांत, जोडांत किंवा स्पीकरच्या बैठकीत सापडलेले आहे. नवा डिकोडर त्याच तारांना जोडला, तर त्याच तक्रारी घेऊन तुम्ही पुन्हा त्याच जागी याल.

डिकोडर निर्दोष आहे की नाही, हे ठरवण्याची एक साधी परीक्षा आधी करा. इंजिनाची बॉडी काढा, इंजिन फोमच्या खाचेत उलटे ठेवा आणि रुळांना जाणाऱ्या दोन तारा मगरचिमट्यांनी थेट डिकोडरच्या लाल आणि काळ्या (रुळांची वीज घेणाऱ्या) तारेच्या जोडावर लावा, म्हणजे चाके आणि बोगी या वाटेतून पूर्णपणे वगळल्या जातील. मग इंजिन मध्यम वेगात दहा मिनिटे चालू द्या, दिशा बदला, हॉर्न वाजवा. या अवस्थेत आवाज एकदाही तुटला नाही, तर डिकोडरवरचा संशय सोडून द्या आणि पुढचे वाचा. तुटला, तर प्रथम तुमचे सोल्डरचे जोड एकेक करून हलवून पाहा. तेही पक्के निघाले तरच डिकोडर परत करा. परत करण्याआधी तारा आखूड कापू नका आणि कापलेल्या तारांबाबत विक्रेत्याची अट काय आहे तेही वाचून घ्या.

आवाज तुटण्याची तक्रार सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावर जास्त लिहितो. ॲनालॉगवर (डिकोडरविना, साध्या डीसी विजेवर) हे इंजिन सुरळीत पळत होते, मग आताच वीज कशी कमी पडते, असा प्रश्न तुमच्या मनात असणार. त्याचे उत्तर फ्लायव्हीलमध्ये आहे. चाकांचा रुळाशी संपर्क क्षणभर सुटला तरी फिरते फ्लायव्हील इंजिनाला पुढे ढकलते आणि आपल्या डोळ्यांना तो खंड दिसत नाही. डिकोडरमधल्या प्रोसेसरला मात्र असा आधार नसतो. त्याची वीज तुटली की तो बंद पडतो आणि वीज परत आली की सुरुवातीपासून चालू होतो. त्यामुळे जो दोष त्या इंजिनात वर्षानुवर्षे होता, तो साउंड डिकोडर बसवल्यावर प्रथमच ऐकू येतो.

टर्नआउटवर नेमके काय घडते आहे हे ओळखण्यासाठी दुसरे एखादे आवाजाचे इंजिन शेजारच्या रुळावर उभे करून ठेवा. तुमचे इंजिन टर्नआउटवरून जाताना दोन्ही इंजिने एकदम गप्प होत असतील, तर तो संपर्काचा दोष नसून क्षणिक शॉर्टसर्किट आहे. पेकोच्या इन्सुलफ्रॉग प्रकारच्या टर्नआउटमध्ये प्लॅस्टिकच्या फ्रॉगपाशी (दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या जागी) विरुद्ध ध्रुवांचे दोन रूळ एकमेकांच्या फार जवळ येतात आणि एखादे रुंद चाक दोन्ही रुळांना एकाच वेळी टेकते, तेवढ्याने कमांड स्टेशन (रुळांना वीज आणि आज्ञा देणारे यंत्र) वीज तोडते. यावर उपाय अगदी स्वस्त आहे: फ्रॉगलगतच्या रुळांच्या टोकांवर काही मिलिमीटरपर्यंत नेलपॉलिशचा पातळ थर द्या, तो झिजला की पुन्हा द्यावा लागतो. फक्त तुमचेच इंजिन गप्प होत असेल, तर दोष चाकांपासून डिकोडरपर्यंतच्या वाटेत आहे असे समजा.

ही वाट मल्टिमीटरने मोजता येते. इंजिन रुळावरून उचलून मल्टिमीटर सर्वांत खालच्या ओहम श्रेणीवर ठेवा, एक टोक लाल तारेच्या जोडावर धरा आणि दुसरे टोक उजव्या बाजूच्या प्रत्येक चाकाच्या कडेला लावून ते चाक बोटाने हळूहळू फिरवा. प्रोबच्या स्वतःच्या तारांचा रोध वजा केल्यावर आकडा एक-दोन ओहमच्या आत आणि स्थिर राहिला पाहिजे. चाक फिरताना तो दहा-वीसवर उडत असेल किंवा मध्येच उघडे सर्किट दाखवत असेल, तर ते चाक केवळ वजन वाहते आहे, वीज देत नाही. काळ्या तारेसाठी डाव्या बाजूला हेच करा. सहा आसांच्या इंजिनात निम्मी चाके अशी निकामी निघाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत आणि त्यांचे मालक सपाट रुळावर समाधानी होते.

जुन्या मॉडेलांत बोगीपासून सांगाड्यापर्यंतचा संपर्क नुसत्या टेकण्यावर चालतो. पोलादाची एक पट्टी दुसऱ्या पट्टीला टेकलेली असते, तिच्यावर जुने तेल गोंदासारखे सुकलेले असते, आणि मुंबई किंवा कोकणपट्टीच्या दमट हवेत तिथे गंजही धरतो. अशा ठिकाणी घासूनपुसून काही महिनेच निभतात. प्रत्येक बोगीच्या पट्टीला एक मऊ, अनेक पेडी तार सोल्डर करून ती थेट डिकोडरच्या लाल किंवा काळ्या तारेशी नेणे हाच टिकाऊ उपाय आहे. तारेला एवढी ढील ठेवा की सर्वांत तीव्र वळणावरही बोगी अडणार नाही. चाके साफ करण्यासाठी किचन टिश्यूची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओली करून रुळांवर अंथरा, एक बोगी तिच्यावर आणि दुसरी उघड्या रुळावर ठेवा, आणि इंजिन हाताने धरून चाके मंद वेगात फिरू द्या; टिश्यूवर उमटणारे काळे पट्टे तुम्हाला पुढचे वर्षभर ही सवय लावतील. सँडपेपर वापरू नका, कारण त्याने पडलेल्या ओरखड्यांत मळ अधिक घट्ट बसतो.

हे सगळे झाल्यावरच कीप-अलाइव्ह कपॅसिटरचा (वीज क्षणभर तुटली तरी डिकोडर चालू ठेवणाऱ्या) विचार करा. पुष्कळ जण तो आधी लावतात आणि मूळ दोष झाकला जातो. तो डिकोडरच्या निळ्या (सामाईक धन) तारेच्या आणि डिकोडरच्या ऋण टोकाच्या मध्ये बसतो. चार्ज होताना वाहणारा प्रवाह आवरण्यासाठी सुमारे १०० ओहमचा रोध आणि साठलेली वीज विनाअडथळा परत मिळावी म्हणून त्या रोधाला समांतर डायोड लावण्याची प्रथा आहे. ऋण टोक प्रत्येक डिकोडरवर वेगळ्या जागी असते, त्यामुळे तो नकाशा डिकोडरच्या माहितीपत्रकातूनच घ्यावा, अंदाजाने सोल्डर लावू नये. साधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असल्यास तो २५ व्होल्टचा घ्या. एचओच्या रुळांवर साधारण १४ ते १६ व्होल्ट असतात, त्यामुळे १६ व्होल्टचा कपॅसिटर अगदी काठावर येतो. २.७ व्होल्टचे सुपरकपॅसिटर मालिकेत जोडायचे, तर सहा जोडल्यावर १६.२ व्होल्ट होतात. पाचांवर थांबू नका.

कपॅसिटर लावल्यावर सीव्ही २९ मधून ॲनालॉग मोड बंद करणे मी आवश्यक समजतो, नाहीतर डीसीसीचा (रुळांतून आज्ञा पाठवणाऱ्या डिजिटल पद्धतीचा) संकेत क्षणभर हरवला असता इंजिन ॲनालॉगवर आहोत अशा समजुतीने सुसाट सुटू शकते. इंजिनाचा पत्ता (डीसीसीवरील ओळखक्रमांक) लघु असेल तर सीव्ही २९ चे मूल्य ६ ऐवजी २ करा, दीर्घ पत्ता असेल तर ३८ ऐवजी ३४ करा.

प्रोग्रॅमिंग ट्रॅकची तक्रार याच्याशी जोडलेली आहे. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर प्रवाह मुद्दाम मर्यादित ठेवलेला असतो. एनएमआरए या अमेरिकी संस्थेच्या मानकानुसार सुरुवातीच्या १०० मिलिसेकंदांनंतर तो २५० मिलिअँपिअरच्या आत राहतो, जेणेकरून चुकीच्या जोडणीने डिकोडर जळू नये. डिकोडरचे उत्तर तोंडी नसते: ‘होय’ म्हणण्यासाठी तो सुमारे ६ मिलिसेकंद किमान ६० मिलिअँपिअर जादा प्रवाह ओढतो आणि हे काम तो सहसा मोटरला धक्का देऊन करतो. वाचन चालू असताना इंजिन किंचित थरथरते, ते याचमुळे. यातून दोन गोष्टी निघतात. मोटर न जोडता टेबलावर डिकोडर वाचायला गेल्यास तो उत्तर देऊ शकत नाही, आणि साउंड डिकोडरचे स्वतःचे कपॅसिटर सुरुवातीला जो प्रवाह गिळतात त्यामुळे अशक्त प्रोग्रॅमिंग आउटपुट असलेल्या कमांड स्टेशनला ते उत्तर ऐकूच येत नाही. बाहेरून लावलेला कीप-अलाइव्ह ही अडचण कित्येक पटींनी वाढवतो. म्हणून त्याची एक तार छोट्या स्विचवरून न्या, किंवा ज्या संचात डिकोडर तिसऱ्या तारेने कपॅसिटरवर ताबा ठेवतो असा संच वापरा.

त्यानंतरही वाचन होत नसेल, तर साउंडट्रॅक्सच्या पीटीबी-१०० सारखा प्रोग्रॅमिंग बूस्टर मदत करतो. तो मिळेपर्यंत मुख्य ट्रॅकवर, म्हणजे ‘प्रोग्रॅमिंग ऑन मेन’ पद्धतीने, मूल्ये लिहीत राहा. तिथे सर्वसाधारणपणे वाचता येत नाही, पण लिहिता उत्तम येते. पत्ता हरवला असेल तर बहुतेक आधुनिक डिकोडरांवर सीव्ही ८ मध्ये ८ लिहिल्यास मूळ स्थिती परत येते आणि पत्ता ३ होतो. सीव्ही ८ वाचता आला, तर तो उत्पादक सांगतो: १५१ म्हणजे ईएसयू, १४५ म्हणजे झिमो, १४१ म्हणजे साउंडट्रॅक्स. वाचनाच्या परीक्षेसाठी मी नेहमी हाच सीव्ही घेतो, कारण त्याचे उत्तर मला आधीच माहीत असते.

हिसक्यांकडे वळू. मोटरची दोन्ही टोके रुळांपासून आणि सांगाड्यापासून पूर्ण अलग असणे ही डीसीसीची पहिली अट आहे. ॲथर्नच्या ‘ब्लू बॉक्स’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या मॉडेलांत मोटरचा खालचा ब्रश एका क्लिपने थेट सांगाड्याला टेकतो. त्या क्लिपची टोके कापून, खाली काप्टन टेप (उष्णता सोसणारी विद्युतरोधक टेप) लावून, तिच्यावरच डिकोडरची तार सोल्डर करावी लागते. तुमच्या इंजिनाची रचना तशीच असेल असे नाही, पण तपासणी तीच: डिकोडरची नारिंगी आणि करडी (मोटरला जाणारी) तार सोडवा, मोटरच्या प्रत्येक टोकापासून दोन्ही बाजूंच्या चाकांपर्यंत आणि सांगाड्यापर्यंत मोजा, मीटरने उघडे सर्किटच दाखवले पाहिजे. ही मोजणी बॉडी दाबून बसवून पुन्हा करा. बॉडीच्या वजनाने चेपलेली तार उघड्या टेबलावर कधीच दोष दाखवत नाही.

अलगपणा सिद्ध झाल्यावर मोटरच्या टोकांवर जुने कपॅसिटर सोल्डर केलेले आहेत का ते पाहा. रेडिओतील खरखर टाळण्यासाठी ते बसवलेले असतात आणि डिकोडर मोटरचा वेग जोखण्यासाठी जो बॅक-ईएमएफ (फिरत्या मोटरने स्वतः निर्माण केलेला व्होल्टेज) मोजतो त्यात ते व्यत्यय आणतात, काढून टाका. यानंतर मोटरचा अडवलेला प्रवाह मोजा: १२ व्होल्ट डीसीवर ॲमीटर मालिकेत लावून फ्लायव्हील बोटांनी घट्ट धरा आणि एक-दोन सेकंदांत आकडा वाचून सोडा. ईएसयूच्या लोकसाउंड ५ चा एचओ डिकोडर मोटरला १.५ अँपिअर देऊ शकतो, त्याचा मायक्रो भाऊ ०.७५. जुनी मोटर याच्या वर जात असेल, तर मोटर बदलणे हाच शहाणपणाचा खर्च आहे. खाली असेल, तर गिअरबॉक्समधील सुकलेले ग्रीस काढून, नवे लावून, मग डिकोडरला मोटरशी जुळवून घेऊ द्या. लोकसाउंड ५ मध्ये सीव्ही ५४ मध्ये ० लिहून एफ-१ दाबले की इंजिन काही क्षण पूर्ण वेगाने धावते आणि मोटरचे गुणधर्म स्वतः मोजून घेते. हे करताना समोर मोकळा सरळ रूळ हवा, टेबलाची कड नको.

दिव्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एलईडीला सुमारे १ किलोओहमचा रोध लावा आणि जुने १.५ व्होल्टचे बल्ब निळ्या तारेवर थेट लावू नका. ‘पुढे’ दिल्यावर पुढचा दिवा लागतो पण इंजिन मागे जाते, असे असेल तर नारिंगी आणि करडी तार अदलाबदल करा. लाल-काळी बदलून डीसीसीवर दिशा बदलत नाही.

आता स्पीकर. तुम्ही लिहिले आहे की तो बॉडीच्या छताला दुहेरी चिकटपट्टीने लावला आहे आणि त्याला डबी नाही. आवाज पातळ येण्याचे कारण एवढ्यातच सापडते. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोर हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागे विरळ होते. मागची लाट कडेने फिरून समोरच्या लाटेला भेटली की खालचे स्वर एकमेकांना खोडतात आणि वरचा किणकिणाट तेवढा उरतो. डबीचे काम ही मागची लाट कोंडून ठेवणे. साधारण १ मिलिमीटर जाडीच्या स्टायरीन प्लॅस्टिकच्या पत्र्यातून, जागा मिळेल तेवढी मोठी डबी करा, सगळे सांधे चिकटवल्यावर आतून पुन्हा एकदा सॉल्व्हंट फिरवा आणि तारांचे भोक गोंदाने बुजवा. डबी हवाबंद झाली की नाही याची खात्री करण्यासाठी पडदा कडेला अगदी हलकेच बोटाने दाबा: तो परत येताना सुस्तावला तर डबी बंद आहे, लगेच उडाला तर कुठेतरी गळते आहे. मोबाइलमधून आलेले १५ बाय ११ मिलिमीटरचे छोटे स्पीकर, ज्यांना या छंदात ‘शुगर क्यूब’ म्हणतात, चांगल्या डबीत बसवले तर त्यांच्याहून दुप्पट मोठ्या पण उघड्या स्पीकरपेक्षा सरस वाजतात.

खरखरीचे कारण वेगळे असू शकते. सांगाडा कानशीने घासला असेल तर लोखंडाचा कीस स्पीकरच्या चुंबकाकडे ओढला जाऊन पडद्याच्या फटीत बसतो. अशा वेळी स्पीकर बदलावाच लागतो, आणि पुढच्या वेळी घासण्याचे काम स्पीकर खोलीबाहेर ठेवून करावे. बॉडीचा एखादा सैल जिना किंवा काच थरथरत असेल, तर बॉडी दोन बोटांनी दाबून धरल्यावर खरखर थांबते. दोन्ही नसेल, तर आवाजच फार मोठा ठेवलेला आहे. इतका लहान पडदा डिझेलची खरी घरघर निर्माणच करू शकत नाही, त्यामुळे आवाज वाढवला की फक्त विकृती वाढते. लोकसाउंड ५ मध्ये एकूण आवाज सीव्ही ६३ मध्ये ० ते १९२ या श्रेणीत असतो, साउंडट्रॅक्सच्या त्सुनामी-२ मध्ये सीव्ही १२८ आणि झिमोमध्ये सीव्ही २६६. तो आधी निम्म्यावर आणा आणि ऐका. घरातल्या खोलीत मी त्याहूनही खाली ठेवतो.

स्पीकरचा रोध माहितीपत्रकाशी ताडून पाहणे विसरू नका. लोकसाउंड ५ ला ४ ते ३२ ओहम चालतात, पण जुन्या लोकसाउंड ३.५ ला १०० ओहमचा स्पीकर लागत असे आणि त्याला ८ ओहमचा जोडल्यास ॲम्प्लिफायर जाण्याचा धोका असतो. जुना डिकोडर स्वस्तात घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. दोन ८ ओहमचे स्पीकर मालिकेत १६ आणि समांतर ४ ओहम होतात. दोन लावायचे असतील तर १.५ व्होल्टच्या सेलने क्षणभर स्पर्श करून कोणत्या टोकाला धन दिल्यावर पडदा बाहेर येतो ते पाहून खूण करा, कारण उलटसुलट जोडलेले दोन स्पीकर मिळून एकापेक्षाही पातळ वाजतात. स्पीकरची कोणतीही तार सांगाड्याला किंवा निळ्या तारेला लागता कामा नये. डिकोडर बसवताना त्याला पूर्णपणे टेपमध्ये गुंडाळू नका. खाली काप्टनचा एक थर पुरे, बाकीची बाजू हवेला उघडी राहू द्या. इलेक्ट्रिशियनची काळी टेप तर आपल्या उन्हाळ्यात चिकट लगदा होते.

शेवटी डब्ल्यूडीएम-२. हे इंजिन मुळात अल्कोचे डीएल-५६०-सी. १९६२ पासून अमेरिकेतून आले आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागले. त्यातले इंजिन १६ सिलिंडरचे अल्को २५१, म्हणून अमेरिकी प्रकल्पांतून ‘अल्को २५१, व्ही-१६’ अशी नोंद असलेली ध्वनिफाइल घ्या. अल्कोच्याच सी-६२८ किंवा सी-६३० इंजिनांसाठी केलेली फाइल या कुळातलीच आहे. ईएमडी या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या ५६७ किंवा ६४५ ची फाइल घेतली, तर कल्याण किंवा पुणे शेडची इंजिने ऐकत वाढलेल्या माणसाला पहिल्याच आयडलिंगला फरक कळेल. पुढेमागे डब्ल्यूडीजी-४ किंवा डब्ल्यूडीपी-४ करायचे ठरवले, तर तिथे ईएमडी ७१० हवे, आणि त्यासाठी एसडी-७० मालिकेची फाइल योग्य. हॉर्न मात्र या फाइलींत अमेरिकी येतो. ईएसयूच्या लोकप्रोग्रामरने (डिकोडर संगणकाशी जोडणाऱ्या उपकरणाने) तेवढा ध्वनी बदलून स्वतःचे रेकॉर्डिंग घालता येते. रेकॉर्डिंग मोनो असावे आणि हॉर्नचा मधला, स्थिर भाग वेगळा कापून तो पुनरावृत्तीसाठी ठेवावा, म्हणजे बटण दाबून धराल तितका वेळ हॉर्न न तुटता वाजेल.